भूकंपात गेलेला काळा

"हॅलो, हादरा ऑफिस?"

कासारदरा धरणाच्या भूकंपमापन केंद्रात रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. आमच्या केंद्राला खालच्या वसाहतीत हादरा ऑफिस म्हणतात, हे मला त्या फोनवर कळलं.

"हो. बोला."

"आत्ता काही झालं का?"

बोलणाऱ्याला धाप लागली होती. यंत्राची सुई नुकतीच थरथरून स्थिर झाली होती. मी प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे सावकाश म्हणाले, "धक्का अगदी लहान होता. घाबरू नका. घरातल्या माणसांना घेऊन मोकळ्या जागेत थांबा, भिंतींपासून, विजेच्या खांबांपासून लांब..."

"ते राहू द्या हो. झाला ना नक्की? मग तसा दाखला द्या."

"दाखला? कशासाठी?"

"मी निगुडकर, क्लबातून बोलतोय. माझा तीन नंबर पॉकेटात पडलाय आणि हे म्हणतात मी टेबलाला टेकलो."

मागून कोणीतरी ओरडलं, "टेकलाच! ह्या डोळ्यांनी बघितलंय!"

"शिकलगार, तुम्ही मध्ये बोलू नका. बाईंना बोलू द्या. बाई, किती वाजता झाला, तेवढं सांगा."

मी वेळ सांगितली. पलीकडे टाळ्या वाजल्या आणि फोन ठेवला गेला. भूकंपशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेताना माझ्या ज्ञानाचा हा उपयोग कोणी सांगितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी टेकडी उतरून क्लबात गेले. वीजगृह बांधायला आलेल्या कंपनीचे लोक जाताना तिथे पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाचं एक टेबल ठेवून गेले होते. आमच्या भागात बारीक धक्के नेहमीचे. पेला हलत नाही, भांडं वाजत नाही, पण पॉकेटाच्या, म्हणजे टेबलाच्या कडेच्या भोकाच्या, ओठावर अडून बसलेला चेंडू मात्र कधीकधी आत जातो. त्यावरून इतकी भांडणं झाली होती की निगुडकरांनी नियमच केला होता. निगुडकर भांडारात अधिकारी होते आणि क्लबाचे चिटणीस. नियम करणं हा त्यांचा खरा खेळ, पूल त्यानंतर. चौकटीत घालून भिंतीवर लावलेला तो नियम मी वाचला:

'भूकंपामुळे पॉकेटात गेलेला चेंडू, त्या वेळी ज्याची खेळी असेल त्याने घातला असे समजावे. भूकंप झाल्याचा दाखला केंद्राकडून आणावा. दाखला नसल्यास टेबलाला धक्का लागला असे समजून फाऊल धरावा.'

"स्पष्ट आहे ना?" निगुडकरांनी विचारलं.

"स्पष्ट आहे," मी म्हणाले. "पण भूकंप झाला आणि त्याच वेळी कोणी टेकलंही, तर?"

निगुडकरांनी चौकट जरा सरळ केली. "असं कसं होईल?" ते म्हणाले.

मी खुर्चीवर बसून त्यांचा खेळ पाहिला. पांढऱ्या चेंडूने मारून एकाने भरीव रंगाचे सात चेंडू घालायचे, दुसऱ्याने पट्ट्याचे सात, आणि आपले संपले की शेवटी आठ नंबरचा काळा. काळा घातला की जिंकलात. काळा चुकीच्या रीतीने पडला की हरलात. एवढंच. पण चेंडू चेंडूवर आदळून ठरल्या कोनातून निघाला की मी खुर्चीच्या कडेला सरकायचे. पुढचा हादरा कधी येणार, हे मला दिवसातून चार जण विचारत आणि माझ्याकडे उत्तर नसे. चेंडू कुठे जाणार, याचं उत्तर मात्र होतं. निदान कागदावर.

"मी खेळू का?" मी तिसऱ्या दिवशी विचारलं.

"सभासदांखेरीज कोणी क्लबच्या वेळेत टेबलाला हात लावू नये," निगुडकर म्हणाले. हाही नियम भिंतीवर होता.

"सभासद कसं व्हायचं?"

"बायका सभासद नसतात."

"असा नियम आहे?"

"नियम कशाला हवा? कोणी विचारलंच नाही आजवर."

मी नियम पुन्हा वाचला. क्लबची वेळ संध्याकाळी पाच ते नऊ. रविवारी दुपारी दोनपासून.

"म्हणजे सकाळी हात लावायला हरकत नाही," मी म्हणाले.

निगुडकरांना हे अजिबात आवडलं नाही, पण स्वतःच्या नियमाशी त्यांनी कधी बेइमानी केली नव्हती. त्यांनी मला मागच्या दाराची किल्ली दिली.

मग माझ्या सकाळी सुरू झाल्या. क्यू, म्हणजे चेंडू मारायची काठी, निवडायची वेळ आली तेव्हा मी भिंतीवरचे सगळे क्यू टेबलावर एकेक लोळवून पाहिले. उडत लोळले ते वाकडे. उरलेले दोन मी केंद्रात नेऊन तराजूवर तोलले आणि त्यातला हलका ठेवला. वर्कशॉपचे फोरमन युनूसभाई शिकलगार यांना हे कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"क्यू तोलून घेतात व्हय, मॅडम? कांदे-बटाटे आहेत का? क्यू हातात धरायचा. तो बोलतो."

"मी धरला. काही बोलला नाही."

"मग तुमच्याशी त्याचं जमायचं नाही."

शिकलगारांचा सगळा विश्वास क्यूच्या टोकावरच्या चामड्याच्या टिपेवर. बाजारातली टिप त्यांना चालत नसे. पंपाच्या जुन्या वॉशरचं चामडं ते कापत, वर्कशॉपच्या शेगड्यात आवळून ठेवत, काचेने घासत, आणि मग जिभेला लावून बघत. जिभेला काय कळायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. खडू त्यांना थंडीत निळा लागे आणि पावसात हिरवा. मी एकदा डोळे मिटायला लावून त्यांना दोन्ही खडूंनी खेळवलं, तेव्हा त्यांनी दोन्ही वेळा चुकीचा रंग सांगितला. "आज हवा कुंद आहे," ते म्हणाले. ऊन पडलं होतं.

पण त्यांनीच मला सराव शिकवला. रिकामी बाटली आडवी ठेवायची आणि क्यू तिच्या तोंडातून आत-बाहेर करायचा, काचेला न लागता. काच वाजली की पुन्हा पहिल्यापासून. मी केंद्रातल्या टेबलावर बाटली ठेवली आणि यंत्राची नोंद घेऊन झाली की तेच करत बसले. सकाळी क्लबात एकच फटका: पांढरा सरळ समोरच्या गादीवर, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवर, मारायचा, तो परत येऊन क्यूच्या टोकाला टेकला पाहिजे. पहिल्या महिन्यात तो कुठेही जायचा. शिकलगार वर्कशॉपला जाताना खिडकीतून डोकावून म्हणत, "पुण्याला चाललाय का चेंडू?"

हिवाळा आला तेव्हा तो परत येऊन टेकू लागला. त्या सकाळी रिकाम्या क्लबात मी एकटीच हसले.

नेमके त्याच आठवड्यात कार्यकारी अभियंता शहाजीराव घोरपडे सकाळी क्लबात आले. घोरपडे साहेब क्लबाचे अध्यक्ष आणि वसाहतीतले सर्वांत चांगले खेळाडू. माणूस उंच, आवाज वीजगृहातही ऐकू जाईल असा, आणि पोट स्वतःच्या हुद्द्याला शोभेल असं. त्यांचा क्यू सिंगापूरहून आलेला. मखमली पेटीतून तो दोन तुकड्यांत निघे, पिळून जोडला जाई आणि रेशमी कापडाने पुसला जाई. त्याला दुसरं कोणी हात लावायचा नाही.

"रोज टेबलावर ताजा खडू असतो. मला वाटलं शिकलगार चोरून येतो," ते म्हणाले. "तुम्ही होय? बघू, मारा एखादा."

मी मारला. पांढरा गेला, आला, टेकला.

"पुन्हा मारा."

पुन्हा टेकला. घोरपडे साहेब पेटी उघडू लागले. ऑफिसची जीप बाहेर हॉर्न देत होती, पण आम्ही एक डाव खेळलोच. मी हरले; पण शेवटी माझा एकच चेंडू उरला होता.

"संध्याकाळी या. नीट खेळू."

"संध्याकाळी मला परवानगी नाही. मी सभासद नाही."

"मग व्हा."

"बायका होत नाहीत म्हणे."

साहेबांनी पेटी मिटली. त्यांना दोन गोष्टी एकदम दिसल्या असाव्यात: एक चांगला प्रतिस्पर्धी, आणि संध्याकाळच्या क्लबात बायका. पहिली हवी होती, दुसरी नको.

"असं करू," ते म्हणाले. "रविवारी सगळ्यांसमोर सामना. त्या एका सामन्याची खास परवानगी मी लेखी देतो. तीन डाव. तुम्ही जिंकलात तर तुम्ही सभासद, आणि वसाहतीतली जी बाई म्हणेल तीही सभासद. हरलात तर ही सकाळची किल्लीही जमा. कबूल?"

मी किल्ली मुठीत धरली होती. हरले तर खेळ संपला. कासारदऱ्यात दुसरं टेबल नव्हतं, आणि माझी बदली तीन वर्षं होणार नव्हती.

"कबूल," मी म्हणाले.

रविवारी क्लबात बायका आल्या. त्या तिथे एरवी फक्त मंगळवारच्या भिशीला येत, तेव्हा टेबलावर फळी टाकून वर चादर घातलेली असे. घोरपडे साहेबांच्या पत्नी नलिनीवहिनी टेबलाजवळ येऊन वाकून बघत म्हणाल्या, "अगं बाई! खाली हे असं हिरवंगार आहे होय? आम्ही इतकी वर्षं ह्याच्यावर इडल्यांची पातेली ठेवतोय."

"वहिनी, हात लावू नका," निगुडकर म्हणाले.

"लावत नाही हो. बघतेय."

साहेबांनी पेटी उघडली आणि रेशमी कापड काढलं.

"ही माझी अंजिरी साडी!" वहिनी ओरडल्या.

"जुनी होती."

"जुनी? घडी एकदाच मोडलीय तिची!"

पहिला डाव साहेबांनी सहज घेतला. बघायला इतके लोक असताना माझा हात बाटलीतल्यासारखा चालेना. दुसऱ्यात मी माणसांकडे बघणं सोडलं आणि फक्त कोन बघितले. तो मी घेतला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. निगुडकरांनी त्यांना शांत राहायला सांगितलं, कारण टाळ्यांनी चेंडू हलू शकतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

"ह्यांच्या शिंकेने नाही हलत, आमच्या टाळ्यांनी हलतो?" वहिनी म्हणाल्या.

तिसरा डाव लांबला. वीजगृहाचा पाचचा भोंगा झाला तेव्हा टेबलावर पांढरा धरून तीनच चेंडू होते. साहेबांचे भरीव सगळे संपले होते. त्यांना फक्त काळा घालायचा होता. माझा पट्ट्याचा एक उरला होता, आणि मग काळा. काळा कोपऱ्याच्या पॉकेटाच्या अगदी ओठावर बसला होता. फुंकर मारली तरी पडेल, असा. पण खेळी साहेबांची होती आणि पांढरा मी माझ्या चेंडूच्या मागे नेऊन लपवला होता. काळ्यापर्यंत सरळ वाट नव्हती. गादीवर आपटून वळसा घ्यावा लागणार होता. चुकले, तर पुढच्या दोन फटक्यांत सामना माझा.

साहेबांनी खडू लावला. ते टेबलाला फेरी मारून काळ्यापाशी आले, वाकले, एक डोळा मिटून कोन बघू लागले. मी काळ्याकडे बघत होते.

काळा हलला, आणि पडला.

क्षणभर फक्त पॉकेटाच्या नळीतून तो घरंगळत गेल्याचा आवाज.

"हादरा!" साहेब सरळ होत गरजले.

"पोट!" नलिनीवहिनी त्यांच्याहून मोठ्याने म्हणाल्या. "अहो, तुमचं पोट लागलं!"

"काहीतरी बोलू नका. जमीन हलली."

"जमीन नाही, तुम्ही हललात!"

मग एकच गोंधळ. एकजात सगळ्या पुरुषांना हादरा जाणवला होता आणि एकाही बाईला जाणवला नव्हता. शिकलगार म्हणाले, पायाच्या तळव्यांना मुंग्या आल्या. एक बाई म्हणाली, त्या तुम्हाला अर्धा तास एका पायावर उभं राहिल्याने आल्या.

निगुडकरांनी हात वर करून भिंतीवरचा नियम मोठ्याने वाचला. हादरा असेल तर काळा साहेबांनी घातला, म्हणजे साहेब जिंकले. हादरा नसेल तर टेबलाला धक्का, फाऊल, आणि फाऊल करून काळा पडला म्हणजे साहेब हरले. "आता केंद्राचा दाखला आणावा," ते म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. सगळ्यांच्याच आलं. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"केंद्रात दुसरं कोणी नाही?" निगुडकरांनी विचारलं.

"रविवारी नाही."

"म्हणजे ह्या म्हणाल्या हादरा नव्हता, की ह्या जिंकल्या?" शिकलगार म्हणाले. "वा! चांगलं आहे की."

"परचुरेबाई खोटं बोलणार नाहीत," साहेब म्हणाले, पण त्यांचा आवाज नेहमीपेक्षा लहान होता.

"मी काहीच सांगत नाही," मी म्हणाले. "सगळे वर चला आणि स्वतः बघा."

अख्खा क्लब टेकडी चढला. वहिनींनी साडी खोचली होती आणि त्या साहेबांच्या पुढे होत्या. साहेब सर्वांत मागे. मला वाटलं चढ आहे म्हणून.

आमच्याकडे तेव्हा काजळी धरलेल्या कागदाचा दंडगोल असे. तो हळूहळू फिरतो आणि सुई काजळीवर पांढरी रेघ ओढते. जमीन हलली की रेघ हलते. मी सगळ्यांना दारातच थांबवून सांगितलं, हात लावू नका. काजळी ओली रांगोळी समजा.

"हा बघा, हा केवढा मोठा!" शिकलगार म्हणाले.

"ती तुमच्या बोटाची खूण आहे," मी म्हणाले.

मी पाचच्या खुणेपासून रेघ वाचत गेले. मला हवं होतं की ती सरळ असावी. सरळ असती तर दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळी पाचला, सगळ्यांबरोबर, पुढच्या दाराने क्लबात गेले असते. खुणेच्या किंचित पुढे रेघेवर आधी एक बारीक थरथर होती, मग तिच्यामागे मोठी, आणि मग ती विझत गेली होती. ट्रकने असं होत नाही. ट्रकची थरथर हळूहळू वाढते आणि हळूहळू ओसरते. जीपची नाही, भोंग्याची नाही, टेकडी चढणाऱ्या माणसांची तर नाहीच. मी पुन्हा बघितलं. बघायची गरज नव्हती.

"हादरा आहे," मी म्हणाले. "लहान. पण आहे."

पुरुषांनी जल्लोष केला. शिकलगारांनी पायांचे तळवे दाखवले. बायका एकमेकींकडे बघत पदर नीट करू लागल्या. निघताना करतात तसा. मी किल्ली काढून टेबलावर, त्या बाटलीशेजारी ठेवली.

"सामना साहेबांचा," मी म्हणाले. "ही किल्ली."

घोरपडे साहेब दारातच उभे होते. ते आनंदी दिसत नव्हते. खोलीत हळूहळू शांतता झाली, कारण ज्याच्यासाठी जल्लोष चालला होता तो माणूसच त्यात नव्हता.

"पोट लागलं होतं," ते म्हणाले.

"काय?" निगुडकर म्हणाले.

"माझं पोट टेबलाला लागलं. मला कळलं. मी हादरा म्हणालो ते... तोंडातून निघून गेलं. वर चढताना मला वाटलं, बाई बघतील आणि सांगतील नव्हता, आणि विषय मिटेल. आता हा खरंच निघाला!"

"मी काय सांगत होते?" वहिनी म्हणाल्या.

"पण साहेब, हादरा झालाय," मी म्हणाले. "नोंद आहे."

"आणि पोटाची नोंद?"

"पोटाची नोंद आमच्याकडे होत नाही."

"म्हणून काय पोट लागलं नाही? सामना तुमचा."

"नियमाप्रमाणे तुमचा."

"बाई, मी सांगतोय मी हरलो!"

"मी हरलेय, साहेब. कागद समोर आहे."

शिकलगार निगुडकरांना म्हणाले, "आयला, दोघांनाही हरायचंय. आता ह्याला नियम कुठला?"

निगुडकरांचा चेहरा पांढरा पडला होता. मी पहिल्या दिवशी विचारलेला प्रश्न त्यांना आठवला असावा. पण ते हटले नाहीत. "प्रयोग करू," ते म्हणाले.

पुन्हा सगळे खाली. काळा परत पॉकेटाच्या ओठावर ठेवला. साहेब वाकले आणि त्यांनी टेबलाला पोट लावलं. काळा हलला नाही.

"जरा जोरात," शिकलगार म्हणाले.

साहेबांनी जोरात लावलं. काळा तिथेच. त्यांनी मागे जाऊन, श्वास भरून, चालत येऊन पोट आपटलं. काळा डुलला आणि पुन्हा बसला. क्लबात कोणी हसत नव्हतं, पण सगळ्या बायकांचे पदर तोंडाला होते.

"बघा, साहेबांचं पोट निर्दोष आहे," निगुडकर म्हणाले.

"निर्दोष कसलं!" साहेब भडकले. "तेव्हा तो वेगळा बसला होता. अर्ध्या केसाएवढा पुढे होता. हो ना, बाई?"

"हो," मी म्हणाले. "या प्रयोगाला अर्थ नाही. तो चेंडू पुन्हा तसाच्या तसा बसवता येणार नाही. आणि हादराही मागवता येणार नाही."

निगुडकरांनी सुस्कारा सोडला. "मग दाखला तेवढा खरा. नियमात पोटाचा उल्लेख नाही. हादरा झाला असेल तर काळा साहेबांचा. साहेब जिंकले. विषय संपला."

"मला नको असली जीत!"

"नको म्हणायची सोय नाही, साहेब."

"मग तिसरा डाव पुन्हा खेळू. आत्ता."

"नाही. परवानगी एका सामन्याची होती, तुमच्याच सहीने. तो सामना झाला. आता क्लबच्या वेळेत टेबलाला हात लावायचा तर दोन्ही खेळाडू सभासद हवेत."

"मग करा त्यांना सभासद!"

"अर्जावर 'श्री.' छापलंय."

"खोडा!"

निगुडकरांनी कपाटातून अर्ज काढला, टेबलाच्या कडेवर ठेवला, पट्टी लावून 'श्री.' खोडलं आणि वर 'कु.' लिहिलं. मी नाव लिहिलं: वृंदा परचुरे. शिफारस करणाऱ्या सभासदाच्या जागी साहेबांनी अशी सही केली की कागद फाटला. अध्यक्षाच्या जागीही तेच.

"झालं?" ते म्हणाले. "आता लावा चेंडू. आणि बाई, दया दाखवून खेळलात तर मला कळेल."

"मला तसं खेळता येत नाही," मी म्हणाले.

तो डाव मला आजही फटक्यागणिक आठवतो. साहेब पोट आत ओढून, टेबलापासून वीतभर लांब राहून खेळत होते आणि तसे ते जास्तच चांगले खेळत होते. शेवटी पुन्हा काळाच उरला, आणि खेळी त्यांचीच. या वेळी तो ओठावर नव्हता. लांब, समोरच्या गादीला चिकटलेला. त्यांनी पांढरा एका गादीवर आपटवून असा आणला की तो काळ्याला नुसता चाटून गेला, आणि काळा गादीच्या कडेकडेने, घाई न करता, चालत गेल्यासारखा गेला आणि पडला. मी तो कोन मनात काढला होता. मला तो तसा मारता आला नसता.

मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत आधी मीच.

साहेबांनी कपाळ पुसलं. हातात आलं त्याने. ती अंजिरी साडी होती. ते टेबलाभोवती एक फेरी मारून आले, माझ्या हातात हात दिला, आणि शिकलगारांना म्हणाले, "बघितलंस? ह्याला जिंकणं म्हणतात. ना पोट, ना हादरा."

मग ते निगुडकरांकडे वळले. "चला. म्हणजे ठरल्याप्रमाणे बायकांना टेबल नाही."

"पैज ठरल्याप्रमाणे, साहेब," निगुडकर म्हणाले. "किल्ली जमा झाली आहे. परचुरेबाई आता सकाळी येणार नाहीत."

"बरोबर."

"त्या संध्याकाळी येतील. सभासद आहेत. डाव हरल्याने सभासदत्व जात नाही. जात असतं तर क्लबात कोणी उरलं नसतं."

साहेब उभेच राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. समजायला थोडा वेळ लागतो, आधी बारीक थरथर आणि मग मोठी.

"निगुडकर," नलिनीवहिनी म्हणाल्या, "मला एक अर्ज द्या."

"तुला कशाला?" साहेब म्हणाले.

"खेळायला. तुम्हाला हरवायला चांगली पाच-सहा वर्षं लागतील. आजपासून सुरुवात केलेली बरी."

निगुडकरांनी एकदा साहेबांकडे, एकदा भिंतीकडे बघितलं. भिंतीवर याविरुद्ध काही नव्हतं. त्यांनी दुसरा अर्ज काढला आणि पुन्हा पट्टी लावली. वहिनींनी नाव लिहिलं, ठळक अक्षरात. मग शिफारशीची जागा आली. साहेबांनी एक निःश्वास सोडून पेनासाठी हात पुढे केला.

"नातेवाइकाची शिफारस चालत नाही," निगुडकर म्हणाले. "नियम आहे."

वहिनींनी अर्ज फिरवून माझ्यापुढे सरकवला. सभासद म्हणून ते माझं पहिलं काम. मी सही केली, खाली तारीख घातली, आणि सवयीने वेळही.